विश्लेषण : एका चिमुकल्या पक्ष्यासाठी आकाशातून डास का सोडले जात आहेत? हवाईतील ‘अकिकिकी’ची गोष्ट काय सांगते?

हवाईच्या कवाई बेटावरील अकिकिकी हा गाणारा पक्षी जंगलातून जवळपास संपला आहे. कारण शिकार नाही, कीटकनाशके नाहीत, जंगलतोडही थेट नाही. कारण आहे डास. तोच डास, जो आपल्याकडे गटारांत वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. आता उरलेले पक्षी वाचवण्यासाठी अमेरिकेत हेलिकॉप्टर आणि ड्रोनमधून कोट्यवधी डास सोडले जात आहेत. हा उलटा वाटणारा उपाय नेमका काय आहे आणि त्यातून आपण काय घ्यायचे?

अकिकिकी कोण?

अकिकिकी म्हणजे ओरिओमिस्टिस बेअर्डी. लांबी साधारण १३ सेंटिमीटर, वजन १२ ते १७ ग्रॅम. आपल्या घरचिमणीच्या जवळपास निम्मे. पाठ राखाडी, पोट पांढुरके, चोच फिकट गुलाबी. पिल्लांच्या डोळ्यांभोवती पांढरे कडे असते, चष्मा लावल्यासारखे. हवाईतील इतर जंगली पक्ष्यांसारखे लाल-पिवळे भडक रंग याच्याकडे नाहीत, त्यामुळे पर्यटकांच्या छायाचित्रांत तो फारसा आला नाही.

त्याची राहणी मात्र वेगळी आहे. खोडांवर आणि जाड फांद्यांवर तो उड्या मारत, कधी उलटा लटकत फिरतो आणि साल व शेवाळाच्या खाचांतून किडे, अळ्या, कोळी टिपतो. जंगलात हे काम करणारे पक्षी थोडे. घरटे तो शेवाळाचे बांधतो, तेही ओहिया या स्थानिक वृक्षाच्या शेंड्याकडील फांद्यांत. मादी साधारण दोन अंडी घालते. अंडी ती उबवते आणि त्या काळात नर तिला भरवतो. थोडी अंडी आणि पिल्लांची बराच काळ काळजी घेणारे आईबाप, अशी ही जीवनपद्धती. शत्रू कमी असलेल्या बेटावर ती उत्तम चालते. पण एकदा प्रौढ पक्षी पटापट मरू लागले, की अशा पक्ष्याला संख्या भरून काढता येत नाही.

हा पक्षी जगात फक्त कवाई बेटावर आढळतो. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या दुपटीहून थोडे अधिक. त्यातही तो उरला होता तो मध्यभागी असलेल्या अलाकाई या दलदलीच्या, कायम धुक्यातल्या पठारावर. जगातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणले जाणारे वायालेआले शिखर याच पठाराच्या कडेला आहे.

संख्या किती वेगाने घसरली?

२०१२ च्या गणनेनुसार जंगलात अंदाजे ४६८ अकिकिकी होते. २०१८ चा अंदाज ४५४ होता. म्हणजे सहा वर्षांत फारसा फरक नव्हता. २०२१ चा अंदाज आला तो ४५. तीनेक वर्षांत दर दहा पक्ष्यांपैकी नऊ गेले. २०२३ मध्ये संशोधकांच्या माहितीत जंगलात फक्त पाच पक्षी उरले होते आणि २०२४ पर्यंत हा आकडा एकावर आला. एखाद-दुसरा पक्षी नजरेतून सुटलेला असू शकतो, पण प्रजननाच्या दृष्टीने जंगलातील अकिकिकी संपला, असेच शास्त्रज्ञ मानतात.

अशा घसरणीला सरळ रेषेचा नियम लागू पडत नाही. बराच काळ आकडा स्थिर दिसतो आणि मग एकदम कोसळतो. २०१० मध्येच या पक्ष्याला अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले होते. कागदावर संरक्षण होते, जंगलही राखीव होते, तरी पक्षी वाचला नाही.

डासांचा संबंध कुठे येतो?

हवाई बेटांवर मुळात डास नव्हतेच. समुद्राच्या मध्यावर, कुठल्याही खंडापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या या बेटांवर ते पोहोचले नव्हते. १८२६ मध्ये माउई बेटावरील लाहायना बंदरात आलेल्या एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस या डासाच्या अळ्या उतरल्या, असे मानले जाते. पुढे बाहेरून आणलेल्या पाळीव आणि शोभेच्या पक्ष्यांबरोबर प्लास्मोडियम रेलिक्टम हा परजीवी आला. हाच पक्ष्यांचा मलेरिया.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पक्ष्यांचा मलेरिया माणसाला होत नाही आणि माणसाचा पक्ष्याला होत नाही. परजीवी एकाच कुळातील असले तरी वेगळे आहेत. माणसाच्या मलेरियाचा वाहक ॲनाफिलिस डास, तर हवाईतील पक्ष्यांच्या मलेरियाचा वाहक क्युलेक्स.

आशिया, आफ्रिका, युरोपातील पक्षी या परजीवीबरोबर लाखो वर्षे राहिले आहेत. त्यांना संसर्ग होतो, पण बहुतेक जण त्यातून तगतात. हवाईतील पक्ष्यांना या आजाराची ओळखच नव्हती. लाल रंगाच्या इइवी या त्यांच्या नातलगावर १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगात रोगट डासाच्या एका चाव्याने सुमारे ९० टक्के पक्षी दगावले होते. तांबड्या पेशी नष्ट होऊन पक्षी अशक्त होतो, अन्न शोधू शकत नाही आणि झाडाखाली मरून पडतो. दाट जंगलात १५ ग्रॅमचे कलेवर कुणाला सापडत नाही. त्यामुळे हे मरण दिसत नाही, फक्त पुढच्या गणनेत आकडा कमी येतो.

मग दोनशे वर्षे हे पक्षी टिकले कसे?

उंचीमुळे. हा परजीवी डासाच्या शरीरात वाढण्यासाठी उबदारपणा लागतो. साधारण १३ अंश सेल्सिअसखाली त्याची वाढ थांबते आणि सरासरी १७ अंशांच्या खाली प्रसार मंद पडतो. सखल भागातले पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतांश संपले. उरले ते डोंगरमाथ्यावरचे. डोंगरावरची थंडी ही त्यांची लस होती, असे म्हणता येईल.

आता कवाईची उंची पाहू. बेटाचे सर्वोच्च शिखर सुमारे १,६०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही (१,६४६ मीटर) थोडे कमी. अलाकाईचे पठार साधारण १,००० ते १,६०० मीटरच्या पट्ट्यात येते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. हे ढोबळ गणित उलटे केले, तर सरासरी तापमान एका अंशाने वाढल्यावर ‘सुरक्षित’ थंडीची रेषा जवळपास १५० मीटर वर सरकते. ६०० मीटरच्या पट्ट्यातला पाव भाग एका अंशातच गेला. शेजारच्या माउईचे हालेआकाला शिखर ३,००० मीटरहून उंच आहे, त्यामुळे तिथल्या पक्ष्यांना वर सरकायला काही जागा आणि काही वर्षे मिळाली. कवाईच्या पक्ष्यांना डोक्यावर डोंगरच उरला नव्हता. म्हणून तडाखा आधी तिथे बसला.

याला जोड मिळाली इतर गोष्टींची. १९८२ आणि १९९२ मध्ये आलेल्या इवा आणि इनिकी या चक्रीवादळांनी कवाईचे जंगल झोडपले. बाहेरून आणलेली झाडे मोकळ्या जागेत घुसली. उंदीर अंडी आणि अंड्यावर बसलेली मादीही खातात. रानडुकरे नेच्यांची खोडे पोखरतात आणि त्या पोकळीत पाणी साचून डासांची पैदास होते. म्हणजे डुक्कर पक्ष्याला हात लावत नाही, तरी त्याच्या मरणाला कारण ठरते. तापमानवाढीने फक्त शेवटचा दरवाजा उघडला.

नुकसान एका पक्ष्याचे की अख्ख्या कुळाचे?

अकिकिकी हा हवाईयन हनीक्रीपर या गटातला. काही दशलक्ष वर्षांपूर्वी आशियातून भरकटून आलेल्या फिंच पक्ष्यांच्या थव्यापासून हा गट घडला. कुणाची चोच पोपटासारखी, कुणाची कोयत्यासारखी वाकडी, कुणाची सुईसारखी. डार्विनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गालापागोसच्या फिंचपेक्षाही हे वैविध्य मोठे. पन्नासहून अधिक जाती होत्या, आज १७ उरल्या आहेत. त्यांपैकी अकिकिकी, अकेकेए, किविकियू आणि आकोहेकोहे या चार जाती सर्वाधिक धोक्यात आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने २१ जाती नामशेष झाल्याचे सांगून संरक्षित यादीतून काढल्या. त्यातील आठ हवाईतील जंगली पक्षी होते. त्यात कवाई ओओ हा पक्षीही होता. १९८७ मध्ये त्याचा आवाज शेवटचा ऐकला गेला. अलाकाईतच ध्वनिमुद्रित झालेली, जोडीदाराला साद घालणाऱ्या नराची हाक आजही इंटरनेटवर ऐकता येते. तिला उत्तर देणारा आवाज त्यात नाही.

हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी हे पक्षी केवळ जैवविविधता नव्हेत. त्यांच्या सरदारांचे लाल-पिवळे मानाचे अंगरखे याच पक्ष्यांच्या पिसांचे असत. पक्ष्यांची नावे त्यांच्या हाकांवरून पडलेली आहेत, गाण्यांत आणि वंशकथांत आहेत. पक्षी गेला की शब्द उरतो, पण त्याचा अर्थ दाखवायला काही उरत नाही.

डासांना डासांनीच कसे रोखायचे?

दुर्गम, राखीव जंगलात कीटकनाशक फवारणे शक्य नाही. फवारले तर पक्ष्यांचे अन्न असलेले किडेही मरतील. म्हणून वोल्बाकिया या जिवाणूचा आधार घेतला गेला. हा जिवाणू अनेक कीटकांच्या पेशींत नैसर्गिकरीत्या राहतो. हवाईतील क्युलेक्समध्येही त्याचा एक प्रकार आहे. प्रयोगशाळेत त्याच जातीच्या डासांत वेगळ्या प्रकारचा वोल्बाकिया बसवला जातो आणि फक्त नर सोडले जातात. नर चावत नाही, कारण रक्त लागते ते अंडी घालणाऱ्या मादीला.

असा नर जंगलातल्या मादीशी जुगला, तर दोघांतील जिवाणूंचे प्रकार जुळत नाहीत आणि अंडी उबत नाहीत. मादी साधारणपणे एकदाच जुगते, त्यामुळे तिची संधी वाया जाते. समजा एका जंगली नरामागे दहा प्रयोगशाळेतले नर असतील, तर मादीला ‘खरा’ नर भेटण्याची शक्यता अकरात एक. पुढच्या पिढीत जंगली नर आणखी कमी, त्यामुळे तेवढेच डास सोडूनही प्रमाण आपल्या बाजूने वाढत जाते. चक्रवाढ व्याज उलट्या दिशेने चालावे, तसे हे आहे.

यात जनुकीय बदल केलेला डास नाही, हे महत्त्वाचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये आपत्कालीन तरतुदीखाली परवानगी दिली. ‘बर्ड्स, नॉट मॉस्किटोज’ या नावाने सरकारी विभाग, विद्यापीठे आणि संस्था एकत्र आल्या. कॅलिफोर्नियात वाढवलेले डास नोव्हेंबर २०२३ पासून माउईवर हेलिकॉप्टरमधून सोडले जाऊ लागले. सुरुवात आठवड्याला अडीच लाखांनी झाली, पुढे प्रमाण वाढले आणि कवाईचाही समावेश झाला. २०२५ च्या मध्यापर्यंत सोडलेल्या डासांची संख्या चार कोटींवर गेली होती. त्याच वर्षी ड्रोनचा वापर सुरू झाला. ओलाव्यात विरघळून जाणाऱ्या कुप्यांत प्रत्येकी सुमारे हजार डास भरून त्या जंगलात टाकल्या जातात. धुक्यात हेलिकॉप्टर उडवणे वैमानिकाच्या जिवाशी खेळ असतो. ड्रोनमुळे तो धोका टळतो आणि हवामान उघडले की लगेच उड्डाण करता येते.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप निसर्गात हस्तक्षेपाचा. पण डास हाच तिथे माणसाने केलेला हस्तक्षेप आहे. कुठलाही स्थानिक पक्षी केवळ डासांवर जगत नाही, कारण ते तिथे दोनशे वर्षांपूर्वी नव्हतेच. दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे : नरांबरोबर चुकून माद्या सुटल्या तर? पुरेशा माद्या गेल्या तर नव्या प्रकारच्या वोल्बाकियाचे डासच तिथे रुजतील आणि जिवाणू जुळू लागल्याने उपाय निष्प्रभ होईल. म्हणून नर-मादी वेगळे करण्याची अचूकता हा या योजनेचा कणा आहे. याच शंकांवरून एका स्थानिक संघटनेने न्यायालयातही धाव घेतली होती.

तिसरी मर्यादा खर्चाची आणि काळाची. हा उपाय डास दाबून ठेवतो, कायमचे संपवत नाही. सोडणे थांबले की खालच्या उंचीवरून डास पुन्हा वर येतील. म्हणजे निधी वर्षानुवर्षे टिकला पाहिजे, सरकारे बदलली तरी. वन्यजीव संरक्षणात सर्वांत अवघड परवानगी हीच असते.

अकिकिकी परत येईल का?

तो पूर्णपणे संपलेला नाही, याचे श्रेय वेळेवर घेतलेल्या एका निर्णयाला जाते. २०१५ पासून संशोधकांनी अलाकाईत उंच शिड्या लावून घरट्यांतील अंडी उचलली, ती उबवली आणि पिल्ले हाताने वाढवली. माउई आणि हवाई बेटांवरील दोन संवर्धन केंद्रांत आज पन्नासच्या आसपास पक्षी आहेत. सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयाची वन्यजीव संस्था ही केंद्रे चालवते.

हे पाऊल उशिरा टाकले तर काय होते, याचे उदाहरण हवाईतच आहे. पोऊली हा पक्षी विज्ञानाला १९७३ मध्ये कळला. शेवटचे तीन पक्षी उरेपर्यंत प्रयत्न रेंगाळले. २००४ मध्ये त्यांपैकी एक पकडला, पण जोडीदार मिळण्याआधीच, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मेला. त्यानंतर पोऊली कुणाला दिसला नाही.

घाई केली तर काय होते, तेही दिसले आहे. २०१९ मध्ये माउईवर किविकियूचे १४ पक्षी नव्या अधिवासात नेण्यात आले. जागा उंचावर होती, सुरक्षित वाटत होती. पण डास तिथेही पोहोचले होते. काही आठवड्यांत बहुतेक पक्षी मलेरियाने गेले.

आणि सगळे पक्षी एकाच छपराखाली ठेवण्यात काय धोका असतो, ते ऑगस्ट २०२३ च्या माउईतील वणव्याने दाखवले. लाहायना जळत असताना दुसरी एक आग ओलिंडा येथील संवर्धन केंद्राच्या अगदी जवळ आली. कर्मचारी आणि शेजाऱ्याने अग्निशामक नळकांड्यांनी ती थोपवली. आत अकिकिकी आणि अलाला नावाचे हवाईयन कावळे मिळून सुमारे ८० पक्षी होते. एका जातीचे भवितव्य तेव्हा दोन-चार माणसांच्या हातांत होते.

त्यामुळे क्रम स्पष्ट आहे : आधी डास कमी करायचे, मग पक्षी सोडायचे. तोवर पिंजऱ्यातल्या पिढ्या वाढत जाणार. एक आशेची बाजूही आहे. अमाकिही या दुसऱ्या हनीक्रीपरच्या सखल भागातील काही समूहांत मलेरिया सोसण्याची क्षमता निर्माण झालेली दिसते. म्हणजे निसर्गाकडे उत्तर आहे, पण त्यासाठी मोठी संख्या आणि वेळ लागतो. अकिकिकीकडे दोन्ही नाही.

भारताचा संबंध काय?

डास तोच आहे. क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस हा भारतात हत्तीरोगाचा प्रमुख वाहक. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांना हा आजार चांगलाच परिचित आहे. २०२७ पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. आपला भर औषधांच्या सामुदायिक गोळ्यांवर आहे. डास कमी करण्याचे काम मात्र गटारे, सांडपाणी आणि महापालिकांच्या धूर फवारणीवर सोडलेले आहे.

वोल्बाकियाही आपल्याला नवा नाही. पुदुच्चेरी येथील आयसीएमआरच्या कीटकवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने २०२२ मध्ये डेंग्यू रोखण्यासाठी वोल्बाकियायुक्त एडिस डास तयार केल्याचे जाहीर केले. तिथली पद्धत वेगळी आहे. हवाईत फक्त नर सोडून डासांची संख्या घटवतात, तर डेंग्यूसाठी माद्याही सोडून जंगली डासांची जागा विषाणू न पसरवणाऱ्या डासांनी घ्यावी, असा प्रयत्न असतो. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात या दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले होते.

पक्ष्यांच्या बाबतीत आपली स्थिती हवाईइतकी नाजूक नाही. इथले पक्षी या परजीवींबरोबर पूर्वापार राहत आले आहेत. पण ‘डोंगरावरची बेटे’ आपल्याकडेही आहेत. निलगिरी आणि त्याच्या दक्षिणेकडील सह्याद्रीच्या माथ्यावरील शोला जंगलांत राहणारे शोलाकिळी हे छोटे गाणारे पक्षी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर सहजी जात नाहीत. चहाचे मळे, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीने त्यांची जंगले आधीच तुकड्यांत उरली आहेत. त्यांच्याही डोक्यावर फारसा डोंगर शिल्लक नाही.

अकिकिकीची गोष्ट म्हणून केवळ हळहळीची नाही. २०१८ ची गणना पाहून ‘आकडा स्थिर आहे’ असे म्हणणे चूक नव्हते, पण ते पुरेसेही नव्हते. पठारावरचे तापमान आणि डास यांची नोंद पक्ष्यांच्या गणनेइतकीच महत्त्वाची होती. पक्षी मोजल्यावर काय घडून गेले ते कळते. डास मोजल्यावर काय घडणार आहे ते कळते. आपल्या डोंगरमाथ्यांवर या दुसऱ्या मोजणीची सुरुवात आकडे कोसळण्याआधी व्हायला हवी.